चौदावी ओळ

धैदच्या रोपवाटिकेत पहाटे साडेचारला
मी शिडीवर, दातांत चिमटा, कानामागे पेन्सिल.
खाली इसाक परकार शिडी धरून
राजापूरच्या आंब्यांबद्दल बोलतो,
कुठल्या कोयीवर कुणाच्या बागेतली काडी बांधली होती,
आणि ती कशी चोरून आणली.
घाफच्या फुलाला पाकळ्या आहेत हे भिंगाला कळतं, मला नाही.
पुंकेसर उपटायचे. परके परागकण कुंचल्याने टेकवायचे.
वर कागदी पिशवी, पिशवीवर दोन्हीकडच्यांचे नंबर.
ऊन चढायच्या आत बावीस पिशव्या.
त्यातल्या एकोणीस गळतात.

हे सगळं मी बर्फात शिकले.
प्लास्टिकच्या घरात भूर्ज वाढवायचे,
बाहेर उणे वीस, आत वैशाख,
दिवे लावून, वायू पाजून
पंधरा वर्षांनी यायचा तो मोहोर दोन वर्षांत आणायचा.
तिथे काय हवं ते ठरलेलं होतं: सरळ खोड,
प्लायवूडला गाठ चालत नाही.
वाकडी आई यादीतून बाद, मग ती कितीही देखणी असो.
आयलाला मी एकदा सांगितलं,
लहानपणी माझ्या दंडावरच्या ताइतात
ह्याच झाडाच्या हिमालयातल्या बहिणीची साल होती,
अष्टगंधाने काहीतरी लिहिलेली.
तिने विचारलं, गुण आला?
ताप उतरला, म्हटलं,
पण तुलनेसाठी ताइताशिवायचं दुसरं मूल नव्हतं.
ती हसली आणि दुसऱ्या ओळीची मापं घेऊ लागली.

इथल्या फॉर्मवर एक रकाना आहे,
'सुधारणेचे उद्दिष्ट'.
पहिल्या वर्षी मी लिहिलं, उंची. सवयीने.
हमदान अल केत्बींच्या जमिनीवर आमची चाचणी आहे,
त्यांना विचारलं, झाड कसं हवं?
म्हणाले, खाली मी, चहा आणि दोन शेळ्या
एकदम बसू, असं.
ते मला सेंटिमीटरमध्ये मांडता येईना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भावाचा फोन,
तिकडे पूजेला शमी मिळते का गं?
मी सहाशे शमींच्या मधोमध उभी,
प्रत्येकीच्या गळ्यात ॲल्युमिनियमची चकती.
मिळते, म्हटलं.

मार्चमध्ये वारा तीन दिवस थांबला नाही.
वाळूने कुंपण गिळलं,
आणि उंट त्यावरून चालत आत आले,
आमंत्रण असल्यासारखे.
चौदाव्या ओळीत आमची सगळ्यात लाडकी कुळी होती,
सात गुणिले तेवीस,
चार वर्षांत माझ्या डोक्यावर गेलेली.
तिचा एक शेंडा राहिला नाही.
शेजारी एकतीस, खुरटी, काटेरी, रजिस्टरात शेवटून दुसरी.
तिला नुसतं हुंगून सोडलेलं.
हमदान गालातल्या गालात म्हणाले,
उंटिणीला गोड कुठलं ते कळतं, तिला चकती वाचावी लागत नाही.
इसाकने टोपी काढली.
म्हणजे बाई, चार वर्षं आपण
उंटासाठी गोडी वाढवत होतो?
मी काही बोलले नाही. रात्री अहवालात
'हानी' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

पाणी द्यायचं नाही असं प्रयोगाच्या अटींत होतं.
दिलं नाही.
पावडरसारखी वाळू, पन्नासचा पारा, जून, जुलै.
खाली मुळं कुठवर गेली होती
ते कुणी मोजलं नव्हतं,
मोजण्याइतका खड्डा कोण खणणार.

ऑगस्टच्या शेवटी
सात गुणिले तेवीसच्या बुंध्यातून फुटवे आले.
एका झाडाला सात, एकाला अकरा,
सगळे वाकडे, सगळे आडवे पसरलेले,
एकही प्लायवूडच्या कामाचा नाही.
उंची: गुडघ्याएवढी.
मी फॉर्मच्या कडेला हाताने नवा रकाना आखला,
'सावली', एककाची जागा कोरी ठेवली,
आणि बारा वाजता माप घ्यायला वाकले.
इसाकने आपला डबा तिथे सरकवून पाहिला.

डबा मावला.
माणूस अजून नाही.